पिरिहिरा आत्याची पाच नावं

“तुम्ही कुठं आहात?” हा एकच प्रश्न विचारत मी एकवीस वर्षं काढली आहेत. काय झालंय ते नंतर, आधी कुठं. वेलिंग्टनमध्ये एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कानाला यंत्र लावून आम्ही बसतो आणि संकटात सापडलेली माणसं आम्हाला फोन करतात. घाबरलेल्या माणसाला स्वतःचं नाव आठवतं, आईचं आठवतं, पण आपण उभे आहोत त्या रस्त्याचं नाव फुर्रकन उडून जातं. त्या बुधवारी दुपारी अडीचला माझ्या कानात जो माणूस बोलायला लागला तो तर रस्त्यावर नव्हताच. होडीचं इंजिन बंद, होडीत पाणी शिरतंय, सोबत सात वर्षांची मुलगी, आणि त्याच्या फोनचं ठिकाण म्हणून माझ्या पडद्यावर जो गोल उमटला त्यात निम्मा उपसागर मावत होता. उपसागर कुठला, तर फांगातोरोआ. माझा. जिथं माझी नाळ पुरली आहे तो. मी म्हटलं, “नांगर तरी लागलाय का?” “लागलाय हो, कशात तरी अडकलाय. पण इथं तर खोल पाणी असायला पाहिजे!” “बरं. काय दिसतंय तेवढंच सांगा.” “डोंगर दिसतोय.” “डोंगर सगळ्यांनाच दिसतो. चर्चचं छप्पर दिसतंय?” “हो, लाल. त्याचं टोक त्या पांढऱ्या दरडीला चिकटलंय.” “आणि उजवीकडं, लोकरीच्या शेडच्या वर?” “डोंगराला खाच आहे.” “पहिली की दुसरी?” मागं पोरगी रडत होती. “दुसरी,” तो म्हणाला, आणि माझ्या तोंडातून त्या पाण्याखालच्या खडकाचं नाव बाहेर पडलं. मोठ्यानं. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही न उच्चारलेलं.

त्याची काही गरज नव्हती, हे मी कबूल करते. बचावाची होडी घेऊन निघालेला एरुएरा म्हणजे माझ्या चुलतबहिणीचा नवरा. त्याला छप्पर, दरड आणि दुसरी खाच एवढं पुरे होतं. अठ्ठावीस मिनिटांत त्यानं बापलेकीला उचललं. पण मधल्या वेळात रेडिओवरून त्यानंही ते नाव ऐकलं होतं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या तेपाएरुनंही. तेपाएरु रारोटोंगाची, दूर समुद्रातल्या बेटावरची. तिनं कानाचं यंत्र काढलं आणि माझ्याकडं भूत दिसल्यासारखं बघत म्हणाली, “रिपेका, हे नाव तू कुठून आणलंस? हा तर आमच्या आजोळचा खडक! आजी त्याच्यावर उभी राहून जाळं टाकायची.” मी विचारलं, अर्थ काय गं त्याचा तुमच्याकडं? ती म्हणाली, “मागं वळून पाहिलं ती जागा.” आमच्याकडंही तोच. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आमचे पूर्वज त्याच बेटांकडून इकडं निघाले तेव्हा त्यांनी होडीत रताळ्याची रोपं घेतली, कुत्री घेतली, आणि नावं घेतली. इथं पोचल्यावर घरच्यासारखं जे पहिलं दिसलं त्याला घरचं नाव ठेवून दिलं. म्हणजे तिकडून निघताना कुणीतरी मागं वळून पाहिलं, आणि इकडं येऊन पुन्हा पाहिलं. मध्ये अख्खा समुद्र. मी उठले, चहा केला, तो प्याले नाही. कारण अर्थ कितीही सुंदर असला तरी मी गुन्हा केला होता.

पिरिहिरा आत्याचा कायदा सोपा होता. पाच खडक, पाच नावं, आणि ती फक्त पाण्यावर बोलायची. जमिनीवर नाही, घरात नाही, चर्चमध्ये देवापुढंही नाही. “जमिनीवर बोललीस तर खडक खाली बसेल,” ती म्हणायची, “मग खा नुसतं पाणी.” पाचही खडक पाण्याखाली, वरून काही दिसत नाही. सापडायचे ते दोन रेघांनी: किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागं एक धरायच्या, तशाच बाजूच्या आणखी दोन, आणि जिथं रेघा कापतात तिथं गळ सोडायचा. मासे कुणासाठी? सभाघरात मयत असली की तीन दिवस जेवायला येणाऱ्या पंगतींसाठी. घरच्यासाठी तिनं तिथं कधी गळ टाकला नाही. आम्ही उकडलेलं डुकराचं मांस आणि पाला खायचो आणि तोंडं वाकडी करायचो. मी आठ-दहा वर्षांची असताना ती वल्ही मारायची आणि मी होडीच्या मागच्या फळीवर तिच्यासमोर बसून म्हणायचे. ती विचारायची, “म्हातारीची पाठ दिसली का?” मी म्हणायचे, “नाही दिसली, ओढ.” ती एकदा ओढायची. “वल्ह्याला शेवाळ लागलं का?” “नाही लागलं, ओढ.” एका खडकापासून दुसऱ्यापर्यंत प्रश्नोत्तरांची एक माळ, आणि माळ संपली की नाव. चुकले की ती वल्ह्यानं माझ्यावर पाणी उडवायची आणि होडी फिरवून पहिल्यापासून सुरुवात करायची. मला वाटायचं खेळ आहे. पंधराव्या वर्षी मी शहरात आले, आत्या गेली तेव्हा रडले, आणि ती माळ माझ्यात कुठंतरी पडून राहिली.

त्या बुधवारी संध्याकाळी वायमारीचा फोन आला. वायमारी म्हणजे एरुएराची बायको, माझी चुलतबहीण, आणि जिभेला हाड नसलेली बाई. “कार्टे! तुला नाव ठाऊक होतं!” हॅलो नाही, काही नाही. “आम्ही इथं दोन वर्षं डोकं आपटतोय आणि ही बया तिथं चौथ्या मजल्यावर खडक गिळून बसलीय!” खटल्याचं मला माहीत होतं, खोटं कशाला बोलू. पण पाण्यावरची नावं न्यायालयात कशी सांगायची, म्हणून गप्प होते. एका कंपनीला उपसागराच्या तोंडावर शिंपल्यांची शेती मांडायची होती. खाली पाच खडक, वर मैलभर दोर आणि पिंपं. न्यायालयाचा प्रश्न एवढाच की हे खडक तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखता, वापरता, राखता, याला पुरावा काय? पुरावा म्हणजे आमच्याकडं नावं. आणि नावं म्हणजे आत्या, आणि आत्या टेकडीवरच्या दफनभूमीत. बाकी म्हाताऱ्यांना तिनं कधी होडीत घेतलंच नव्हतं, फार बोलतात म्हणून. “त्यांच्याकडं पुरावा आहे,” वायमारीचा आवाज बसला. “चौऱ्याहत्तर साली मोजणीवाला आला होता बघ. त्याची वही सापडलीय. त्यात आत्यानं सांगितलेली पाच नावं आहेत, नकाशासकट. त्यांच्या तज्ज्ञानं तिथं जाऊन पाहिलं तर नुसता चिखल. तो म्हणतो, यांना खडक ठाऊकच नव्हते.” मी विचारलं, काय नावं आहेत वहीत? तिनं वाचली. पिरो, हूपे, पुकु, तारिंगा, मिनिता. आणि मी, चोपन्न वर्षांची बाई, स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून इतकी हसले की शेजाऱ्यानं दार वाजवलं.

तो मोजणीवाला मला लख्ख आठवतो. गोरापान, गुडघ्यापर्यंत मोजे, अतिशय सभ्य. खिशातून खडीसाखर काढून मला द्यायचा. आत्यानं त्याला होडीत बसवलं, तळलेली भाकरी खायला घातली, उपसागरभर फिरवलं, आणि जिथं काहीही नाही अशा पाच ठिकाणी होडी थांबवून गंभीर चेहऱ्यानं पाच नावं सांगितली. आमच्या पाच कुत्र्यांची. पिरो म्हणजे घाणेरडा, कारण तो मेलेल्या माशांत लोळायचा. हूपे म्हणजे शेंबूड. पुकु म्हणजे पोट. तारिंगा म्हणजे कान, त्याचा एकच शाबूत होता. आणि मिनिता म्हणजे पाद्री, कारण रविवारी घंटा वाजली की तो गळा काढायचा. मोजणीवाला प्रत्येक नाव दोनदा विचारून लिहून घेत होता आणि मी तोंडात ओढणी कोंबावी तसा फ्रॉकचा घोळ कोंबून मागच्या फळीवर थरथरत होते. किनाऱ्यावर पाचही पुरावे शेपट्या हलवत उभे होते! त्यानं त्यांच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला. रात्री आत्या म्हणाली, “नकाशावर गेलं की गेलं. उद्या सगळं जग येऊन गळ टाकेल.” तेव्हा ती जिंकली होती. आता तीच गंमत आमच्या गळ्याशी आली होती, आणि त्या गमतीचा जिवंत साक्षीदार म्हणून एक मीच उरले होते. पण कोण विश्वास ठेवणार? वेलिंग्टनची बाई, चाळीस वर्षं गावाबाहेर, खटला हरायला आल्यावर उगवते आणि म्हणते, ती कुत्री होती.

शाळेच्या हॉलमध्ये न्यायालय बसलं होतं. कंपनीच्या तज्ज्ञानं प्रत्येक नावाचा अर्थ लावून आणला होता, हे ऐकून मला त्याची दया आली. पिरो, दुर्गंध: बहुधा सडणाऱ्या शेवाळामुळं. पुकु, पोट: समुद्रतळाच्या फुगीर आकारावरून. मिनिता: मिशनरी आल्यानंतर पडलेलं नाव, म्हणजे फार जुनं नाही. मागच्या बाकांवर आमची माणसं माना खाली घालून बसलेली, कारण अर्थ पटण्यासारखे होते. आमच्याकडं जागांना याहून वंगाळ नावं आहेत. मग मला बोलावलं. मी म्हटलं, “ती आमची कुत्री होती.” मागून म्हातारी मेरेमाता ओरडली, “अगं बाई, मिनिता! तो माझ्या नवऱ्याला चावला होता!” आणि सगळा हॉल फुटला. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला, जरा जास्त वेळ पुसला. पण कंपनीचा वकील हसला नाही. हुशार माणूस. तो हळूच म्हणाला, “छान. मग खरी नावं सांगा.” मी उभी राहिले. नावं जिभेवर होती. समोर काच, काचेपलीकडं समुद्र, पायाखाली शाळेची लाकडी जमीन. एकदा मी बोलून बसले होते. तो पहिला खडक खाली बसला असला तर? हसू नका. चौथ्या मजल्यावर तीन पडद्यांसमोर बसणारी मी, पण त्या क्षणी मी पुन्हा आठ वर्षांची होते. मी म्हटलं, “इथं नाही सांगणार.” वकिलानं हात पसरले, बघा म्हणून. वायमारीनं कपाळावर हात मारून घेतला तो मला ऐकूसुद्धा आला. मी म्हटलं, “बाई, तुम्ही पाण्यावर चला. वकीलसाहेबांनाही घ्या. त्यांचं खोली मोजायचं यंत्र घ्या. वहीतल्या पाच जागा तेही मोजू देत. मग मी माझ्या पाच दाखवते. एक जरी चुकली तर मी गप्प घरी जाईन.” हे मी का बोलले ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी जेव्हा थबकतं त्या वेळी, फांगातोरोआतून नऊ होड्या निघाल्या. एकीत न्यायाधीश बाई आणि कंपनीचं यंत्र, एकीत वकील, बाकीच्यांत गाव. मी आत्याच्या होडीत. वायमारीनं ती शेडमध्ये कोंबड्यांसाठी ठेवली होती. रात्रभर भिजवून फटी भरल्या तरी पिसं होतीच. वहीतल्या जागा आधी मोजल्या. चिखल, चिखल, चिखल, चिखल, चिखल. मग माझी पाळी. पहिला खडक, छप्पर आणि दरड, शेड आणि दुसरी खाच. मी दोराला बांधलेलं शिसं पाण्यात सोडलं. दोर सरसर जात राहिला, जात राहिला, आणि मला वाटलं, संपलं. मी जमिनीवर बोलले आणि तो खाली बसला. मग ठक्क. हाताला ते ठक्क कळतं, कोपरापर्यंत येतं. यंत्रावरचा माणूस म्हणाला, “खडक. सहा मीटर. आजूबाजूला तीस.” मी नाव म्हटलं, पाण्यावर, उजळ माथ्यानं. न्यायाधीश बाईंनी लिहिणाऱ्याला सांगितलं, “याची नोंद घ्यायची नाही. ऐका फक्त.” तेव्हाच ती बाई मला आवडली. दुसरा खडक, ‘दोन भावांचं भांडण’ असा त्याचा अर्थ: ठक्क. तिसरा, ‘वल्हं थांबलं ती जागा’: ठक्क. चौथा, ‘थोरलीची कंबर’: ठक्क, आणि मागच्या होड्यांतून आरोळी. नावं तुम्हाला सांगणार नाही, अर्थांवर भागवा. तुम्ही हे वाचताय म्हणजे बहुतेक जमिनीवरच आहात.

पाचव्यासाठी मी मान वळवली आणि वल्ही हातातच थांबली. पाचव्याची एक खूण म्हणजे कड्यावरचं एकटं झाड, आणि कड्यावर झाड नव्हतं. “वायमारी, झाड?” “ते होय? अठ्ठ्याऐंशीच्या वादळात पडलं की!” ती पलीकडच्या होडीतून ओरडली, सहज, जणू मी मीठ कुठंय विचारलं. एकच रेघ उरली, आणि एका रेघेवर मैलभर समुद्र असतो. वकिलाची होडी जवळ आली. त्यानं घड्याळाकडं बघितलं. मी चौथ्या खडकावर बसून राहिले आणि एकवीस वर्षं लोकांना विचारलेला प्रश्न माझ्याच कानात वाजायला लागला. तुम्ही कुठं आहात? कुठं आहात तुम्ही? त्या होडीवाल्याला मी सांगितलं होतं, काय दिसतंय तेवढंच सांगा. काय दिसतंय? हात दिसत होते. वल्ह्यांवरचे, जाड मनगटांचे, उजव्या अंगठ्याशी तोच तीळ. आत्याचे हात. मोजणीवाला आला त्या साली आत्या चोपन्न वर्षांची होती. मी आज चोपन्न. तिची उंची, तिचे खांदे, तिची होडी. डोळ्यांनी नसेल शोधायचं तर अंगानं शोधू! एका प्रश्नाला एक ओढ, माळ संपेल तिथं खडक. मी इंजिनं बंद करायला लावली, होडीचं तोंड उरलेल्या रेघेवर धरलं, आणि विचारलं, “म्हातारीची पाठ दिसली का?” समोरची फळी रिकामी होती. म्हणून मीच उत्तर दिलं, “नाही दिसली, ओढ.” ओढलं. “वल्ह्याला शेवाळ लागलं का?” “नाही लागलं, ओढ.” तिसऱ्या प्रश्नाला मागून वायमारीचा आवाज आला, “नाही, ओढ!” चौथ्याला मेरेमाता, मग एरुएरा, मग गावाच्या सगळ्या होड्या. प्रश्न माझा, उत्तर साऱ्या गावाचं, आणि प्रत्येक उत्तराला माझ्या पाठीत कुणीतरी बळ ओतल्यासारखी होडी पुढं जायची. प्रश्न आठवावे लागलेच नाहीत. एक ओढला की पुढचा आपोआप येत होता, एकतीस प्रश्न, मध्ये कुठंही खंड नाही, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायला हात मोकळे नव्हते. खोली मोजणाऱ्या कंपनीच्या माणसाचे ओठही हलत होते, हे मी स्वतः पाहिलं. शेवटचा प्रश्न, “घर दिसलं का?” मी म्हटलं, “दिसलं,” आणि गाव गरजलं, “दिसलं, थांब!” मी वल्ही टाकली, शिसं सोडलं. दोर गेला. ठक्क.

यंत्रावरचा माणूस म्हणाला, “चार मीटर,” आणि मग सगळं विसरून, “आयला!” मी उभी राहून पाचवं नाव इतक्या जोरात ओरडले की कड्यावरचे पक्षी उठले. होडी गदागदा हलली, कोंबडीची पिसं उडाली, पलीकडं मेरेमाता उभ्या उभ्या नाचत होती आणि तिचा नातू तिचा झगा धरून बसला होता. वकिलानं टोपी काढली. खरंच काढली. मी रडत होते, हसत होते, आणि मनात आत्याला म्हणत होते, बघितलंस म्हातारे, माळ तुटली नाही गं, तुटली नाही.

निकाल चार महिन्यांनी लागला: खडक आमचे, राखायचे आम्ही, शिंपल्यांची शेती दुसरीकडं. सभाघरात दोन दिवस पंगती उठल्या आणि त्या पंगतींसाठीचे मासे त्या पाच जागांचेच होते. मग नकाशा छापणाऱ्या कचेरीचं पत्र आलं, अतिशय आदबशीर: खडक आता नकाशावर दाखवायचे आहेत, कृपया पारंपरिक नावं कळवावीत. सभाघरात बैठक झाली. मेरेमाता म्हणाली, काही कळवायचं नाही. निम्म्या सभेनं मान डोलावली. मी उठले. म्हटलं, मला रोज फोन येतात, हरवलेल्या माणसांचे. त्या बापलेकीचा नांगर आपल्या खडकाला अडकला म्हणून ती जगली. जागा दाखवायच्या, अगदी बिनचूक दाखवायच्या, म्हणजे संकटातलं माणूस सापडेल. खडक आता आपले आहेत, कुणी गळ टाकायला धजणार नाही. पण नावं पाण्यावरची आहेत, ती पाण्यावर राहतील. “मग कागदावर काय लिहायचं, तुझं डोकं?” वायमारीनं विचारलं. मी सांगितलं. मग मेरेमाता खुर्चीवरून घसरेस्तोवर हसली आणि ठराव एकमतानं पास झाला.

काल आमच्या चौथ्या मजल्यावर नवा नकाशा आला. मी तो भिंतीवर लावला आणि तेपाएरु चहाचा कप घेऊन समोर येऊन उभी राहिली. फांगातोरोआच्या तोंडावर पाच फुल्या, प्रत्येक अचूक जागी, आणि शेजारी सुबक अक्षरांत: पिरो, हूपे, पुकु, तारिंगा, मिनिता. तिच्या कपाळावर आठी पडली. “शेंबूड? हे खडकाचं नाव?” मी कानाला यंत्र लावलं. पडद्यावर दिवा लागला होता, कुणीतरी कुठंतरी हरवलं होतं. “फार जुनी नावं आहेत,” मी म्हटलं, “आमच्या आत्यानं स्वतः सांगितलेली,” आणि फोन घेतला.